मधुमेह, प्रकार दोन : निदानोत्तर व्यवस्थापन

मधुमेह, प्रकार दोन : निदानोत्तर व्यवस्थापन : रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण कायमचे वाढलेले असणे, हे ज्याचे प्रमुख लक्षण आहे अशा मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकाराचे निदान झाल्यानंतर रुग्णाने व वैद्याने मिळून करावयाच्या दीर्घकालीन उपाययोजनेस निदानोत्तर व्यवस्थापन म्हणतात. या प्रकारात शरीरातील ऊतके इन्शुलिनास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि त्याच वेळी अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) बीटा कोशिकांची इन्शुलीन स्रवण्याची क्षमताही हळूहळू घटत जाते. रोग सावकाश वाढतो, वेदना करीत नाही व वर्षानुवर्षे अज्ञात राहू शकतो. त्यामुळे निदान हा रोगाचा आरंभ नसून पुष्कळदा तो बऱ्याच पुढच्या टप्प्यावर आल्याची पहिली वार्ता असते. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत निदानाच्या दिवशीच सु. निम्म्या रुग्णांच्या ऊतकांत मधुमेहजन्य विकृतीची काही ना काही खूण आढळली होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने सर्व राज्यांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सु. १० कोटी १० लक्ष प्रौढ व्यक्तींना मधुमेह असून आणखी सु. १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. रोगाचा असा प्रसार असताना प्रत्येक रुग्णास कायम तज्ञाच्या देखरेखीखाली ठेवणे शक्य नसते. रोजची बहुतेक काळजी रुग्णाच्या घरात, स्वयंपाकघरात व कामाच्या जागीच घेतली जाते.

ऐतिहासिक आढावा : मधुर मूत्राचा हा रोग प्राचीन भारतीय वैद्यांना परिचित होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (चुकीच्या आहारविहाराने होणारा) असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्यातील रुग्ण कृश व दुसऱ्यातील स्थूल, बहुभोजी आणि शय्या व निद्रा यांची आवड असलेला असतो, असे त्यांचे वर्णन आहे. निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र यांवाचून शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा उपायही तेथे दिला आहे. शारीरिक श्रमाचे महत्त्व त्या काळीही ओळखले गेले होते, हे यावरून दिसते. मात्र अनवाणी चालण्याचा भाग आजच्या ज्ञानानुसार मधुमेहींस घातक होय.

१९२१-२२ मध्ये टोराँटो येथे बँटिंग, बेस्ट, मक्लाऊड व कॉलिप यांनी इन्शुलीन उपलब्ध करून दिले व जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका रुग्णास टोचण्यात आले. तोंडाने घ्यावयाची औषधे नंतर आली. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे सल्फा वर्गातील एका औषधामुळे रुग्णांची रक्तशर्करा धोकादायक रीत्या उतरते असे दिसून आले व त्या निरीक्षणातून सल्फोनिलयूरिया औषधे निघाली. मेटफॉर्मिनाचा मानवी रुग्णांवरील उपयोग झां स्टेर्न या फ्रेंच वैद्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि रक्तशर्करा आटोक्यात ठेवल्याने प्रकार दोनमधील उपद्रव खरोखर टळतात काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या व नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासाने त्याचे उत्तर १९९८ मध्ये दिले. अधिक काटेकोर उपचार मिळालेल्या गटात डोळे, मूत्रपिंडे इत्यादींतील सूक्ष्म वाहिन्यांचे उपद्रव एकचतुर्थांशाने कमी झाले. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात रक्तदाब काटेकोरपणे उतरविल्याने मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी व मस्तिष्काघात ४४ टक्क्यांनी घटले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील निरीक्षणात, दोन्ही गटांतील रक्तशर्करेचा फरक नाहीसा झाल्यावरही प्रारंभीच्या काटेकोर उपचाराचा लाभ पुढील दहा वर्षे टिकून राहिल्याचे आढळले. निदानानंतरची पहिली काही वर्षे या रोगात विशेष मोलाची का असतात, ते यावरून स्पष्ट होते. त्या काळात रुग्णाला काहीच त्रास होत नसल्याने उपचार सोडून देण्याचा संभवही तेव्हाच सर्वांत अधिक असतो.

पुणे परिसरातील संशोधन : भारतीयांतील मधुमेहाचे वेगळेपण समजून घेण्याच्या कामात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचा व त्याचे प्रमुख चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ते सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याकडील बालकांचे स्नायू व उदरातील इंद्रिये त्या मानाने लहान, पण त्वचेखालील मेद मात्र जवळजवळ टिकून राहिलेला, असे आढळले. ‘कृश-मेदस्वी’ ही संज्ञा यातून रूढ झाली. २००४ मध्ये याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक (किग्रॅ.मधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. दिसण्यात सडपातळ असणे हे भारतीय माणसाला संरक्षण देत नाही, हा याचा व्यावहारिक अर्थ होय. म्हणून भारतीयांसाठी देहभार निर्देशांक २३ पासूनच वजन जास्त मानतात व कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. आणि स्त्रियांत ८० सेंमी.पेक्षा कमी असावा असे सांगतात.

पुण्यातील तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांवरील २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्ण तीव्र इन्शुलीन-न्यूनतेच्या उपगटात मोडत असल्याचे दिसले. यूरोपीय रुग्णांत हा उपगट बराच लहान असतो. अशा रुग्णास लवकर इन्शुलीन लागले, तर तो त्याच्या पथ्याचा दोष समजू नये.

कासारवाडी व औद्योगिक पट्टा : जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगतचे कासारवाडी हे पुणे-लोणावळा लोहमार्गावरील स्थानक असून जवळच्या नाशिक फाट्यावरून भोसरीमार्गे चाकणकडे रस्ता जातो. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी व अखेरीस चाकण येथपर्यंत कारखान्यांची साखळी पसरली. पिंपरी-चिंचवडची १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. राज्याच्या सर्व भागांतून व बाहेरूनही येथे लोक कामासाठी आले. शेतातील श्रम, ज्वारी-बाजरीची भाकरी व दिवस-रात्रीचा नैसर्गिक क्रम सोडून ते यंत्रापुढील उभे काम, उपहारगृहातील जेवण व तीन पाळ्यांचे जीवन जगू लागले. गर्भावस्थेतील व बालपणीच्या कुपोषणानंतर प्रौढपणी विपुल अन्न मिळणे, हा मधुमेहास पोषक असा क्रम येथील पुष्कळ कुटुंबांच्या एकाच पिढीत घडून आला आहे. त्यामुळे निदानोत्तर काळजीचे बहुतेक सर्व प्रश्न या पट्ट्यात ठळकपणे दिसतात. पुढील विवेचनात त्यांचा प्रसंगानुसार उल्लेख केला आहे.

निदानाची निश्चिती व प्रारंभिक तपासण्या : रात्रभर उपाशी राहिल्यानंतर रक्तद्रवातील ग्लुकोज १०० मिलि.मध्ये १२६ मिग्रॅ. किंवा अधिक, ७५ ग्रॅ. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० मिग्रॅ. किंवा अधिक, अथवा ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन (एचबीए१सी) ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. तहान, बहुमूत्रता, वजन घटणे यांसारखी लक्षणे नसतील, तर पुन्हा तपासणी करून निदान पक्के करतात. ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिनावरून मागील सु. तीन महिन्यांतील सरासरी शर्करेचा अंदाज येतो. मात्र रक्तक्षय किंवा हीमोग्लोबिनाचे आनुवंशिक विकार असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो.

निदान होताच पुढील तपासण्या करणे आवश्यक असते : (१) बाहुली औषधाने विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी, (२) मूत्रातील अल्ब्युमीन व रक्तातील क्रिॲटिनीन, (३) रक्तदाब, (४) रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर वसा, (५) पायांची संवेदना व नाडी, (६) दात व हिरड्या. प्रकार एकमध्ये डोळ्यांची तपासणी काही वर्षांनी सुरू केली तरी चालते. प्रकार दोनमध्ये रोगाचा खरा आरंभ अज्ञात असल्यामुळे ती पहिल्याच महिन्यात करावी लागते व पुढे साधारणपणे दरवर्षी करतात. दृष्टी मंदावण्याची वाट पाहणे धोक्याचे असते, कारण दृष्टिपटलातील विकृती बरीच वाढेपर्यंत रुग्णास स्पष्ट दिसत राहते. मधुमेहींत क्षयरोगाचा संभव इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्याची दखल घ्यावी लागते.

उद्दिष्टे : बहुसंख्य प्रौढांत ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन ७ टक्क्यांखाली, उपाशीपोटीची शर्करा ८० ते १३० मिग्रॅ. व जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी १८० मिग्रॅ.खाली असावी, असे धोरण ठेवतात. तरुण, नव्याने निदान झालेल्या व इतर विकार नसलेल्या रुग्णांत याहून काटेकोर, तर वृद्ध, हृद्रोगी किंवा एकटे राहणाऱ्या रुग्णांत याहून सैल उद्दिष्ट योग्य ठरते. रक्तदाब १३०/८० मिमी.खाली असावा. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन वर्गातील औषधे देतात. मधुमेहींच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हे असल्यामुळे केवळ साखरेचा आकडा सांभाळून रक्तदाब व तंबाखू यांकडे दुर्लक्ष केल्यास उपचाराचा मोठा भाग वाया जातो. बिडी-सिगारेट सोडणे हा यातील सर्वांत स्वस्त उपचार होय.

आहार : मधुमेहींसाठी निराळा स्वयंपाक करावा लागत नाही. त्यांना योग्य असलेला आहार सर्व कुटुंबास हितकारक असतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतीय आहारातील सु. ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून मिळते व प्रथिनांचे प्रमाण कमी असते. म्हणून केवळ साखर वर्ज्य करून भागत नाही. धान्याचे एकूण प्रमाण घटवून डाळी, उसळी, दूध-दही, अंडी, मासे व भाज्या वाढवाव्या लागतात. ताटाचा निम्मा भाग भाज्या व कोशिंबिरी, एकचतुर्थांश प्रथिनयुक्त पदार्थ व उरलेला एकचतुर्थांश भाकरी, पोळी किंवा भात असा ढोबळ हिशेब रुग्णास समजण्यास सोपा जातो.

भाकरीविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. ज्वारी, बाजरी व नाचणी यांत तंतुमय भाग अधिक असल्याने त्या पांढऱ्या भातापेक्षा किंवा मैद्यापेक्षा चांगल्या ठरतात. तरीही त्या कर्बोदकेच आहेत आणि तीन भाकऱ्यांचा परिणाम तीन पोळ्यांहून फारसा वेगळा होत नाही. साखरेऐवजी गूळ, काकवी किंवा मध घेतल्याने रक्तशर्करा वाढण्याचे थांबत नाही. फळांचा रस घेण्यापेक्षा अख्खे फळ बेताने खावे. कारखान्यातील दिवसातून चार-पाच वेळचा साखरेचा चहा, त्याबरोबरची बिस्किटे व वडापाव हा या पट्ट्यातील कामगारांच्या आहाराचा मोठा घटक असतो. चहातील साखर सोडल्याने व मधल्या वेळी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा मोडाची उसळ घेतल्याने कोणताही अधिक खर्च न होता लक्षणीय फरक पडतो. उपवासाचे पदार्थही तपासून पाहावे लागतात. साबुदाणा व बटाटा यांत जवळजवळ शुद्ध पिष्ट असल्याने एकादशीच्या दिवशी पुष्कळांची शर्करा इतर दिवसांहून चढते. भगर, राजगिरा, दही व शेंगदाण्याची आमटी हे त्यातल्या त्यात बरे पर्याय होत. नवरात्रात निरंकार उपवास करणाऱ्याने औषधांत बदल करून घेणे अत्यावश्यक असते.

कारले, मेथी, जांभळाच्या बिया इत्यादींचा शर्करेवर थोडाफार परिणाम होत असला, तरी तो अनिश्चित असतो. आहाराचा भाग म्हणून त्या घेण्यास हरकत नाही. त्यांच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्शुलीन बंद केल्याने मात्र रुग्ण अत्यवस्थ झाल्याची उदाहरणे वैद्यांना वारंवार पाहावी लागतात.

व्यायाम : आठवड्यात किमान १५० मिनिटे जलद चालणे व दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे सुचविले जाते. काम करणारा स्नायू इन्शुलिनाच्या फारशा साहाय्यावाचूनही ग्लुकोज शोषून घेतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्यानेही त्या जेवणाची शर्करा उतरते. आठ तास यंत्रापुढे उभे राहून आलेला थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. कृश-मेदस्वी ठेवणीच्या माणसाला स्नायू वाढविण्याची गरज विशेष असल्याने उठाबशा, दंड यांसारखे साधनरहित व्यायाम उपयुक्त ठरतात.

दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते व आकुर्डीच्या मुक्कामानंतर पिंपरी, कासारवाडी, दापोडी या मार्गाने पुण्यास जाते. वारीत चालणाऱ्या मधुमेहींची शर्करा रोजच्या मोठ्या चालीमुळे उतरते. म्हणून निघण्यापूर्वी औषधांची मात्रा ठरवून घ्यावी, खडीसाखर जवळ बाळगावी, मऊ व आधी वापरलेली पादत्राणे घालावीत आणि मुक्कामावर रोज तळपाय पाहावेत. बधिर पायांनी अनवाणी चालल्यास फोड किंवा जखम झाल्याचे कळतही नाही.

वजन कमी करणे व रोगशमन : ब्रिटनमधील ३०६ रुग्णांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, निदानास सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सु. ८५० कॅलरींचा द्रवरूप आहार वैद्यकीय देखरेखीखाली देण्यात आला. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्ण औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली आले. ज्यांचे वजन १५ किग्रॅ. किंवा अधिक घटले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते, तर दोन वर्षांनंतर एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. यकृतातील व अग्निपिंडातील साठलेली वसा कमी झाल्याने हा परिणाम होतो. या अवस्थेस शमन म्हणतात. ती रोगमुक्ती नव्हे; वजन पुन्हा वाढले की रोग परततो. शमन झालेल्या रुग्णानेही वार्षिक तपासण्या चालू ठेवल्या पाहिजेत. मूळचे वजनच कमी असलेल्या, इन्शुलीन-न्यूनता असलेल्या रुग्णास असा कडक आहार देणे योग्य नसते.

औषधे : मेटफॉर्मीन हे बहुतेक रुग्णांत पहिले औषध असते. ते यकृतातून होणारी ग्लुकोजाची निर्मिती घटविते, वजन वाढवीत नाही व एकटे घेतल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरवीत नाही. प्रारंभी मळमळ व जुलाब होतात. जेवणाबरोबर अल्प मात्रेने सुरुवात केल्यास ते टळतात. मूत्रपिंडांचे कार्य बरेच घटले असल्यास ते देत नाहीत. दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्वाची त्रुटी होऊ शकते. पुण्यातील पुरुषांच्या पाहणीत ही त्रुटी मुळातच पुष्कळांत आढळलेली असल्याने शाकाहारी रुग्णांत त्याची अधूनमधून तपासणी करणे इष्ट असते. अन्यथा त्रुटीमुळे आलेला पायांचा बधिरपणा मधुमेहाचाच समजला जातो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड इ. सल्फोनिलयूरिया औषधे स्वस्त व प्रभावी आहेत. तथापि ती अग्निपिंडास इन्शुलीन स्रवण्यास भाग पाडत असल्यामुळे गोळी घेऊन जेवण चुकविल्यास शर्करा उतरते. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन इ. औषधांत हा धोका अल्प असतो. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे ग्लुकोज मूत्रावाटे बाहेर टाकतात व हृदय आणि मूत्रपिंडे यांचे रक्षण करतात, असे २०१५ पासूनच्या मोठ्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. ती घेताना जननेंद्रियाची स्वच्छता राखावी लागते व पाणी भरपूर प्यावे लागते. ओतशाळा किंवा भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या कामगारास ही सूचना विशेष लागू पडते. २०१९ ते २०२५ या काळात यांतील प्रमुख औषधांची भारतातील एकस्वे संपल्याने त्यांच्या किंमती बऱ्याच उतरल्या. आतड्यातील हॉर्मोनांसारखे कार्य करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड इ. औषधे भूक व वजन लक्षणीय प्रमाणात घटवितात. त्यांपैकी टिर्झेपाटाइड भारतात २०२५ मध्ये विक्रीस आले.

इन्शुलीन : बीटा कोशिकांची शक्ती घटत गेल्यावर काही वर्षांनी पुष्कळ रुग्णांना इन्शुलीन लागते. ‘एकदा सुरू केले की सुटत नाही’ किंवा ‘शेवटची पायरी’ अशा समजुतींमुळे ते टाळले जाते व त्या काळात उपद्रव वाढतात. वस्तुतः निदानाच्या वेळी शर्करा फार वाढलेली असल्यास, शस्त्रक्रियेत किंवा गंभीर संसर्गात ते तात्पुरते देऊन नंतर बंदही करता येते. न उघडलेल्या कुप्या २° ते ८° से. तापमानात ठेवतात, पण गोठू देत नाहीत. वापरात असलेली कुपी साधारण महिनाभर घरातील थंड जागी राहू शकते. शीतकपाट नसल्यास पाण्याच्या माठाजवळ ओल्या मातीच्या भांड्यात ती ठेवता येते. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हातील मोटारगाडीत ठेवलेले इन्शुलीन निकामी होते.

अल्पशर्करा : रक्तशर्करा ७० मिग्रॅ.खाली गेल्यास थरथर, घाम, छातीत धडधड, भूक, चिडचिड व अखेरीस संभ्रम आणि बेशुद्धी ही लक्षणे होतात. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे व बरे वाटताच काही तरी खावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. दाबयंत्र, क्रेन किंवा वाहन चालविणाऱ्यास हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया घेणाऱ्या कामगाराने खिशात साखर बाळगावी आणि निदान शेजारच्या सहकाऱ्यास आपला आजार सांगून ठेवावा. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने पुष्कळजण आजार लपवितात व मग घाम येऊन बडबडणाऱ्या माणसाने मद्य घेतले असावे असा समज होऊन मदत मिळण्यास उशीर होतो.

पाळ्यांचे काम : फिरत्या पाळ्यांमुळे झोप, भूक व हॉर्मोनांचे दैनिक चक्र विस्कळीत होते व मधुमेहाचे नियंत्रण अवघड होते. गोळ्यांची वेळ घड्याळाशी न बांधता मुख्य जेवणाशी बांधणे, हे यातील मुख्य तत्त्व होय. रात्रपाळीत पूर्ण जेवण कामावर निघण्यापूर्वी घ्यावे, मध्यरात्रीनंतर हलके व प्रथिनयुक्त खावे आणि सकाळी घरी येऊन भरपेट न्याहारी करून लगेच झोपणे टाळावे. दिवसातून एकदा घ्यावयाचे दीर्घक्रियाशील इन्शुलीन मात्र सर्व पाळ्यांत सोयीची पडेल अशी एकच वेळ ठरवून घ्यावे. पाळी बदलल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस ग्लुकोजमापकाने अधिक वेळा तपासणी करणे हितावह असते. वैद्यास आपल्या पाळ्यांचे वेळापत्रक दाखविल्याशिवाय घेतलेले औषध अपुरे ठरते.

पायांची काळजी : तंत्रिकांच्या विकृतीमुळे संवेदना जाते, रोहिणी अरुंद झाल्याने रक्तपुरवठा घटतो व संसर्ग लवकर पसरतो. या तिन्हींच्या योगाने क्षुल्लक जखमेचे रूपांतर व्रण, कोथ व पाय कापण्यात होऊ शकते. रोज रात्री आरशाच्या साहाय्याने तळपाय पाहणे, बोटांमधील जागा कोरडी ठेवणे, नखे सरळ कापणे, कुरूप स्वतः पात्याने न काढणे व घरातही चप्पल वापरणे, एवढ्याने बहुतेक अनर्थ टळतात. कारखान्यातील पोलादी टोकाचे संरक्षक बूट घट्ट असल्यास बोटांवर व्रण होतात. ते योग्य मापाचे असावेत, सुती मोजे रोज बदलावेत आणि पाय घालण्यापूर्वी बुटात खडा किंवा धातूचा कीस नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.

इतर आजारांच्या वेळी : ताप, उलट्या किंवा जुलाब होत असताना खाणे कमी झाले म्हणून इन्शुलीन आपल्या मनाने बंद करू नये, कारण आजारात शर्करा बहुधा वाढतेच. मेटफॉर्मीन व डापाग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे मात्र अशा वेळी वैद्याच्या सल्ल्याने तात्पुरती थांबवितात. पाणी, ताक, पेज घेत राहावे व दिवसातून अनेक वेळा शर्करा मोजावी.

सामाजिक व आर्थिक बाजू : या रोगाचा खर्च मासिक असतो व तो कधीच संपत नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमेदार कामगार व त्यांचे कुटुंबीय यांना उपचार मिळतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरी येथे असून कासारवाडीहून ते जवळ पडते. असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे व जनौषधी केंद्रांतून सामान्य नावाने विकली जाणारी औषधे स्वस्त मिळतात. तथापि कंत्राटी कामगार नोकरी बदलतो, गावी जातो किंवा सुटी मिळत नाही म्हणून तपासणी चुकवितो आणि उपचारात खंड पडतो. जुने अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र असलेली वही जवळ ठेवल्यास दुसऱ्या गावचा वैद्यही उपचार पुढे चालवू शकतो. कुटुंबातील स्त्रीला मधुमेह असल्यास तिची औषधे व पथ्य इतरांच्या गरजांनंतर येतात, असे वारंवार दिसते. स्वयंपाक करणारी व्यक्ती सल्ल्याच्या वेळी उपस्थित असणे दोन्ही परिस्थितींत उपयुक्त ठरते. निदानानंतर येणारी उदासीनता, भीती व अपराधीपणाची भावना यांकडेही वैद्याने लक्ष देणे आवश्यक असते.

पाठपुरावा : उद्दिष्ट गाठेपर्यंत दर तीन महिन्यांनी व नंतर दर सहा महिन्यांनी ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन, प्रत्येक भेटीत रक्तदाब व वजन, वर्षातून एकदा डोळे, मूत्र, क्रिॲटिनीन, वसा, पाय व दात, असा क्रम ठेवतात. रुग्णाच्या भावंडांची व मुलांची तपासणीही करून घ्यावी, कारण आनुवंशिकता या प्रकारात प्रबळ असते. मधुमेहपूर्व अवस्थेत आढळलेल्या नातलगास आहार व व्यायाम यांच्या योगाने रोग टाळता किंवा पुष्कळ पुढे ढकलता येतो. एका व्यक्तीच्या निदानाचा असा उपयोग सर्व कुटुंबास होऊ शकतो.